दरवर्षी नवा तारा

डिसेंबर लागला की वसईच्या गावांत, वांद्र्याच्या हिल रोडवर आणि मडगाव-म्हापशाच्या बाजारांत नाताळचे तारे टांगले जातात. त्यांतले बरेचसे आता प्लास्टिकचे, नाहीतर घडी उघडली की फुलणाऱ्या छापील पुठ्ठ्याचे असतात. त्याच सुमाराला मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर आणि पुण्यात बोहरी आळीत वेगळं गिऱ्हाईक दिसतं. क्रेप कागद, घोटीव कागद, सॅटिनच्या फिती, लोकर, मणी, ग्लू गनच्या कांड्या असं सामान निवडत उभं राहिलेलं. नाताळची सजावट आणि भेटवस्तू घरीच करायची हौस असलेली ही माणसं. तयार वस्तू नीटस आणि स्वस्त मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, या प्रश्नाला सहसा एकच उत्तर मिळतं: हातच्या वस्तूत माया असते. असेलही. पण विकत आणलेल्या वस्तूतही माया असू शकते, आणि हाताने केलेली वस्तू नाइलाजाने केलेली असू शकते. या हस्तकलेच्या बाजूने मला दुसरा मुद्दा मांडायचा आहे, आणि तो मायेपेक्षा कौशल्याचा आहे. नाताळच्या ज्या कला घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या, त्यांतून तयार होणाऱ्या वस्तू बहुतेक नाशवंत होत्या. कागद, बांबू, माती, पेंढा, पीठ-साखर यांच्या त्या कला. वस्तू जानेवारीत मोडायची म्हणून पुढच्या डिसेंबरात पुन्हा करावी लागायची, आणि पुन्हा करावी लागायची म्हणून घरातल्या धाकट्यांना शिकवावी लागायची. वस्तू टिकाऊ झाली की शिकवण्याचं कारणच उरत नाही.

हे समजायला मराठी माणसाला लांब जावं लागत नाही. दिवाळीचा किल्ला पाहा. दगड-विटांचा ढीग, त्यावर ओलं गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप, मग बुरूज, पायऱ्या, आळिवाची किंवा मोहरीची हिरवळ आणि शेवटी मावळ्यांची चित्रं. दिवाळी संपली की किल्ला पाडला जातो, आणि पुढच्या वर्षी थोरल्यांचं बघत धाकटी मुलं तोच चिखल पुन्हा कालवतात. नाताळच्या गोठ्याचंही तसंच आहे. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी गव्हाण, गवत, बैल आणि गाढव यांच्यासह येशूजन्माचा देखावा उभा केला; या प्रथेची सुरुवात म्हणून तोच प्रसंग सांगितला जातो. गोव्यात गोठो उभारताना भाताचा पेंढा, माती आणि फांद्या वापरतात, आणि हिरव्या शेतासाठी नाचणी आधीच रुजत घालतात. ज्याने घटस्थापनेचं धान्य रुजताना पाहिलं आहे त्याला ही नाचणी ओळखीची वाटेल. या गोठ्यात एक शहाणपणाची विभागणीही आहे. बाळ येशू, मारिया, जोसेफ, मेंढपाळ यांच्या मूर्ती कापसात गुंडाळून वर्षानुवर्षं जपता येतात; छप्पर, डोंगर आणि शेत मात्र नव्यानेच करावं लागतं. जपायचं काय आणि पुन्हा करायचं काय, हे इथे वेगळं ठेवलेलं आहे.

डेन्मार्कमध्ये नाताळच्या झाडाला कागदाची विणलेली हृदयं टांगतात. एक लाल आणि एक पांढरा असे दोन कागद दुहेरी दुमडायचे, एक टोक गोल कापायचं, सरळ बाजूकडून समांतर चिरा द्यायच्या आणि मग एकाच्या पट्ट्या दुसऱ्याच्या पट्ट्यांतून ओवायच्या. साध्या चटईच्या विणीत पट्टी वरून-खालून जाते. इथे ती कधी दुसऱ्या पट्टीच्या पोटातून जाते, कधी दुसरीला आपल्या पोटात घेते, त्यामुळे शेवटी हृदयाच्या आकाराची उघडणारी पिशवी तयार होते. तिला कागदाचा बंद लावून आत सुकामेवा किंवा गोळ्या ठेवतात. आज माहीत असलेलं यातलं सर्वांत जुनं हृदय परीकथाकार हान्स क्रिस्टियन अँडरसन यांच्या हातचं, १८६० च्या सुमाराचं आहे. अँडरसन कातरकामात निष्णात होते. गोष्ट सांगता सांगता कात्रीने आकृत्या कापत. पण ही कला टिकली ती त्यांच्या नावामुळे नव्हे. हे हृदय पाच-सहा वर्षांच्या मुलाला थोड्या मदतीने जमतं, दुसऱ्या खेपेला मदत कमी लागते आणि चार-पाच वर्षांनी तेच मूल बारीक पट्ट्यांची अवघड नक्षी विणू लागतं. डिसेंबरात एखादा दिवस घरच्यांनी आणि मित्रमंडळींनी मिळून कापण्या-चिकटवण्यासाठी राखून ठेवण्याची रीत तिथे आहे. कागद चुरगळतो, लाल रंग फिका पडतो, आणि पुढच्या वर्षी कात्री पुन्हा बाहेर निघते.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र पोलंडमधल्या क्राकुफ शहरात आहे. तिथल्या नाताळच्या देखाव्याला शोप्का म्हणतात. एकोणिसाव्या शतकात क्राकुफच्या आसपासच्या वस्त्यांतले गवंडी आणि बांधकामावरचे कारागीर या शोप्का करत. हिवाळ्यात बांधकामं बंद पडत, हातात काम नसे, म्हणून लाकूड, पुठ्ठा आणि रंगीत चंदेरी-सोनेरी कागद घेऊन ते छोटे देखावे रचत आणि घरोघरी नेऊन दाखवत, गाणी म्हणत, चार पैसे मिळवत. बेथलेहेमचा गोठा त्यांनी आपल्याच शहरात आणला. बाळ येशूच्या मागे क्राकुफच्या मारियेच्या चर्चचे एक उंच, एक ठेंगणा असे दोन मनोरे उभे राहिले, वावेल टेकडीवरच्या प्रार्थनामंदिराचा सोनेरी घुमट आला. ज्यांचे हात रोज भिंती उभारत, त्यांनीच या इमारती पुठ्ठ्यात उभ्या केल्या, म्हणून त्यांच्यात प्रमाणाची इतकी जाण दिसते. पहिल्या महायुद्धानंतर ही रीत मागे पडू लागली, तेव्हा १९३७ साली शोप्कांची स्पर्धा सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात ती थांबली आणि १९४५ साली पुन्हा सुरू झाली. आजही डिसेंबरातल्या पहिल्या गुरुवारी शहराच्या मुख्य चौकात, कवी मित्स्किएविच यांच्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर, लोक आपापल्या शोप्का आणून मांडतात. चॉकलेटच्या वेष्टनांचे चकचकीत कागद साठवून ठेवणारी कुटुंबं, आजोबांकडून नातवाकडे गेलेलं काम, हातभर उंचीपासून माणसाहून उंच देखावे, सगळं तिथे असतं. २०१८ साली युनेस्कोने या परंपरेची नोंद मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. पोलंडची ती पहिलीच नोंद. नोंद झाली ती बनवण्याच्या रीतीची आणि ती एकमेकांना शिकवण्याची. क्राकुफच्या संग्रहालयात निवडक शोप्का जपलेल्या आहेत खऱ्या, पण काचेच्या कपाटात ठेवलेल्या शोप्केने नवा कारागीर घडत नाही. तो घडतो पुढच्या डिसेंबरातल्या त्या गुरुवारमुळे.

आता आपल्याकडच्या ताऱ्याकडे येऊ. नाताळचा बांबूचा तारा आणि दिवाळीचा आकाशकंदील ही एकाच हातोटीची दोन रूपं आहेत: कामट्या, सुतळी, खळ आणि पतंगाचा कागद. पाच टोकांच्या ताऱ्यासाठी एकाच लांबीच्या दहा कामट्या लागतात, पाच पुढच्या सांगाड्याला आणि पाच मागच्या. कामटी ६० सेंटिमीटरची घेतली तर दोन्ही टोकांपासून २३-२३ सेंटिमीटरवर खुणा कराव्यात; मध्ये १४ सेंटिमीटर उरतात. याच दोन खुणांवर इतर कामट्या तिला छेदतात. हे प्रमाण मनाने ठरवलेलं नाही. पंचकोनी ताऱ्यात टोकाकडचा तुकडा मधल्या तुकड्याच्या सुमारे १.६१८ पट असतो, ज्याला गणितात सुवर्ण गुणोत्तर म्हणतात. कामट्या एकीवरून एकीखालून घेतल्या की त्या एकमेकींना धरून ठेवतात, मग टोकांना आणि आतल्या पाच छेदांवर सुतळीच्या गाठी. असे दोन सांगाडे पाचही टोकांना एकत्र बांधायचे आणि आतल्या पाच छेदांवर दोहोंच्या मध्ये बोटभर ते वीतभर उंचीच्या पाच काड्या तिरक्या न होऊ देता बसवायच्या. चपटा तारा लगेच फुगतो. मग पुढून, मागून आणि कडेच्या दहा निमुळत्या फटींवर कागद चढवायचा. दिव्यासाठी एक फट मोकळी सोडायची आणि आत बारीक एलईडी दिवाच लावायचा, कारण कागदाशेजारी गरम बल्ब किंवा मेणबत्ती नको. खळ वाळली की पातळ कागद ताणला जातो आणि तारा ताठ दिसतो. एक कामटी बोटभर लांब निघाली तर तारा एका अंगाला कलतो. ही चूक लगेच दिसते, आणि कुठे झाली तेही कळतं. हातकामाचं शिक्षण याहून स्पष्ट कुठे मिळेल, असं मला खरोखर वाटतं.

फिलिपिन्समध्ये हाच बांबू-कागदाचा तारा पारोल या नावाने घरोघरी आणि चर्चच्या वाटेवर लागतो. शब्द आला स्पॅनिशमधल्या कंदिलाच्या शब्दावरून. पांपांगा प्रांतातल्या सान फेर्नांदो शहराने तो वाढवत वाढवत दुमजली घराएवढा केला आहे. या महाकाय कंदिलात हजारो दिवे असतात आणि त्यांचं नाचणं सांभाळतं एक पोलादी पिंप. पिंपावर चिकटपट्टीचे तुकडे लावलेले असतात आणि तारांना जोडलेल्या केसांच्या पिना पिंपाला टेकलेल्या असतात. पिंप फिरलं की पिनेखाली पट्टी येईल तिथे प्रवाह तुटतो, उघडं पोलाद येईल तिथे जुळतो, आणि दिवे संगीताच्या तालावर विझतात-पेटतात. कोणत्या तालाला पट्टी कुठे हवी हे जाणणाऱ्यांचं ज्ञान पुस्तकात नाही. वस्त्या-वस्त्यांचे कंदील दरवर्षी स्पर्धेत उतरतात, म्हणून ते हातात राहिलं आहे.

यावर कोणी म्हणेल, की टिकाऊ वस्तूंनीही नाताळची कला जगवली आहेच. जर्मनीतल्या थुरिंगियामधलं लाउशा हे काच फुंकणाऱ्यांचं गाव. नाताळच्या झाडाला टांगायचे काचेचे गोळे एकोणिसाव्या शतकात तिथे घडू लागले आणि तिथून जगभर गेले. आजीच्या पेटीतला काचेचा गोळा नातीच्या झाडावर लागतो, त्याची ओढ कागदाच्या हृदयाला येणार नाही. ही गोष्ट मी पूर्ण मान्य करते. पण त्या नातीला वारशात मिळतो तो गोळा. काच फुंकायची कला मिळत नाही. ती लाउशाच्या भट्ट्यांजवळ राहिली, आणि तिथेच राहायला हवी, कारण ते व्यवसायाचं काम आहे. दुसरं उदाहरण माझ्या मुद्द्याला अधिक अडचणीचं आहे. सॅक्सनीतल्या हेर्नहुटचा तारा आज कारखान्यात होतो. त्याचा जन्म मात्र १८२० च्या दशकात नीस्की इथल्या मोरेव्हियन पंथाच्या मुलांच्या शाळेत, भूमितीच्या अभ्यासातून झाला. त्या ताऱ्याला २५ टोकं: १७ चौकोनी पायाची आणि ८ त्रिकोणी पायाची, मधला एक चौकोन टांगण्यासाठी मोकळा. तिथल्या माजी विद्यार्थ्यांपैकी फेरबेक यांनी तो करण्याची कृती विकायला सुरुवात केली, आणि १८९७ पासून त्यांच्या मुलाने तारे व्यवसाय म्हणून काढले. म्हणजे हा ताराही एका अर्थाने तयार संचच. तरीही कागदी तारा सुट्या भागांत मिळतो, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी घरातली मंडळी तो जोडतात आणि सण सरल्यावर उतरवून ठेवतात. हे पाहिल्यावर मला माझी कसोटी थोडी बदलावी लागते. वस्तू मोडलीच पाहिजे असं नाही. ती दरवर्षी हाताने जोडावी लागली तरी पुरे. बाजारात मिळणाऱ्या क्राफ्ट किटलाही हीच कसोटी लावावी. सगळे तुकडे कापून दिलेले, जागा आखून दिलेल्या, आणि एकदा चिकटवलं की संपलं, अशा किटमधून मूल काय शिकतं? मोजणं नाही, कापणं नाही, चूक शोधणं नाही. त्यापेक्षा त्याच पैशांत घोटीव कागदाचे दहा ताव येतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: दरवर्षी नवं करायचं म्हणजे दरवर्षी कचरा. याचं उत्तर सामानात आहे, आणि इथे हौशी मंडळींनी स्वतःकडे कठोरपणे पाहायला हवं. बांबू, कागद, मैद्याची खळ, सुतळी, पेंढा हे मातीत जातं. चमकी जात नाही. ती बहुतेक प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यांची असते, हाताला, जमिनीला, नाल्याला चिकटत शेवटी पाण्यात जाते. म्हणूनच ऑक्टोबर २०२३ पासून युरोपीय संघाने प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी घातली. ग्लू गनची कांडीही प्लास्टिकच. थर्माकोलच्या सजावटीला तर महाराष्ट्रात २०१८ सालीच बंदी आली. हाताने केलं एवढ्यानेच काही निर्मळ ठरत नाही. चमकी आणि थर्माकोलने मढवलेला घरचा तारा बाजारच्या प्लास्टिकच्या ताऱ्याइतकाच वाईट, आणि तो दरवर्षी नवा करणं दुप्पट वाईट. चकाकी हवी तर क्राकुफचे लोक करतात तसं चॉकलेटचे कागद जमवावेत. ते नाहीतरी कचऱ्यातच जाणार असतात.

तिसरा आक्षेप वेळेचा आहे आणि त्यामागे एक खरी तक्रार दडलेली आहे: हे सगळं घरातल्या बाईवर येऊन पडतं. फराळ तिने करायचा, घर तिने आवरायचं, वर आता तारेही तिनेच करायचे. ही तक्रार रास्त आहे. पण वर आलेली उदाहरणं पाहा. शोप्का गवंड्यांनी केल्या, हेर्नहुटचा तारा शाळकरी मुलग्यांनी केला, किल्ला तर पोरंच करतात. हातकाम बायकांचं ही समजूत या कलांच्या इतिहासात बसत नाही. वर्षाला एकच वस्तू करायची, पण ती घरातल्या मुलांनी आणि पुरुषांनी करायची, असं ठरवलं तर ओझं वाढणार नाही, उलट वाटलं जाईल. वेळ नसण्याची सबब तर फार जुनी आहे. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांना नाताळला सगळ्यांना पत्रं लिहिणं अशक्य वाटू लागलं, म्हणून त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेऊन त्याच्या सुमारे १,००० प्रती छापल्या, आणि विक्रीचं पहिलं नाताळ-कार्ड जन्माला आलं. किंमत एक शिलिंग, त्या काळी सामान्य माणसाला न परवडणारी. छापील कार्डाने वेळ वाचवला हे खरं. पण मुलाने स्वतः घडी घालून, कापून केलेलं कार्ड आजही आजी-आजोबा कपाटाच्या दाराला लावतात.

भेटवस्तूंबद्दल मात्र एक सावधगिरी हवी. हाताने केलेली शोभेची वस्तू घेणाऱ्याच्या घरात कायमची जागा अडवते, आणि ती टाकता येत नाही म्हणून संकोचाची होते. नाताळच्या जुन्या प्रथेत याची तोड आहे: संपणारी भेट. गोव्यात नेवऱ्या, दोदोल, बिबिंक अशा पदार्थांची ताटं शेजाऱ्यांकडे जातात, हिंदू घरांतही. दिवाळीच्या फराळाची ताटं तशीच येतात-जातात. सात थरांचं बिबिंक करायला अर्धा दिवस जातो, कारण एक थर भाजून निघाल्याशिवाय पुढचा घालता येत नाही. खायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांसाठी पुढच्या वर्षी पुन्हा नारळाचं दूध काढलं जातं. क्राफ्टच्या सामानातून भेट करायची असेल तर ती याच जातीची असावी. विणलेल्या कागदी हृदयात घरच्या नेवऱ्या, हाताने शिवलेल्या जुन्या साडीच्या पिशवीत चिक्की, कागदी पाकिटात परसातल्या फुलझाडांचं बी. वेष्टन सुंदर, आतली वस्तू वापरून संपणारी.

कारागिरांचं काय, हाही प्रश्न उरतो. सगळ्यांनी घरी करायचं ठरवलं तर माहीमच्या कंदील गल्लीतल्या लोकांनी काय विकायचं, सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचं काय? अनुभव असा आहे की ज्याने स्वतः कामटी तासली आहे तोच कारागिराच्या कामटीची सफाई ओळखतो आणि तिचे पैसे कुरकुर न करता देतो. सावंतवाडीचा लाखेचा रंग चढवलेला लाकडी लट्टू घरी होणार नाही; तो विकत घ्यावा, मुलाला द्यावा. तारा मात्र घरी व्हावा. तेव्हा या डिसेंबरात दहा कामट्या आणि पतंगाचे चार कागद आणा. ६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की तारा उतरवा, फाटका कागद काढून टाका, कामट्या सुतळीने बांधून माळ्यावर ठेवा, आणि पुढच्या डिसेंबरात ती जुडी घरातल्या सर्वांत धाकट्याच्या हातात द्या.